दाखलवहीत न मावणारी पुस्तके

मे महिना. परीक्षा आटोपल्या आहेत, वाचनकक्ष रिकामा आहे आणि ग्रंथालयात वार्षिक पडताळणी चालू आहे. परिचर स्टुलावर उभा राहून एकेका पुस्तकाचा दाखल क्रमांक मोठ्याने वाचतो, खाली बसलेला लिपिक दाखलवहीत पेन्सिलीने टिंब देतो. तेवढ्यात लेखापरीक्षकांचे बोट अहवालातल्या एका ओळीवर थांबते : ‘ई-पुस्तके – १,९९,५००’.

“दाखलवहीतला शेवटचा क्रमांक तेवीस हजारांच्या घरात आहे. मग बाकीची कुठल्या कपाटात, मॅडम?”

“ती कपाटात नाहीत, सर. एन-लिस्टमधून वाचता येतात. गांधीनगरहून.”

“म्हणजे आपली नाहीत.”

“वर्गणी भरतो तोवर आपलीच म्हणायची.”

असा संवाद महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या महाविद्यालयात झडू शकतो, आणि लेखापरीक्षकांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. छापील पुस्तकाचे पैसे मोजले की ते संस्थेच्या मालकीचे होते. वाळवी लागेपर्यंत किंवा कुणी ढापेपर्यंत ते तिथेच असते. ई-स्रोतांचे बहुतेक वेळा तसे नसते. तिथे पैसे मोजून मिळतो तो ठरावीक मुदतीचा परवाना. छापील संग्रहाकडून ई-संग्रहाकडे जाणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने म्हणूनच आधी एक निवाडा करायला हवा : ज्ञानाचा कोणता भाग भाड्याने घेतला तरी चालेल, आणि कोणता स्वतःच्या घरातच असला पाहिजे? हा निवाडा विषयवार आणि भाषेवारही वेगळा निघतो. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली, की चूक हमखास.

भाड्याच्या बाजूने बोलायचे तर गेल्या पंधरा वर्षांत फार मोठी सोय झाली, हे आधी मान्य केले पाहिजे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालणारी एन-लिस्ट योजना २०१० मध्ये सुरू झाली. सहा हजारांहून अधिक जर्नल्स आणि जवळजवळ दोन लाख ई-पुस्तके, आणि पात्र महाविद्यालयांसाठी त्याची वार्षिक वर्गणी कर धरून अनेक वर्षे ५,९०० रुपये राहिली. तेवढ्या पैशांत पुष्कळ परदेशी जर्नलांचा एखादा छापील अंकही आला नसता. त्यानंतर २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक संस्था आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये असा तिचा पसारा आहे. १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. मात्र मंजूर योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. वर्तमानपत्रात वाचले म्हणून आपल्यालाही मिळाले, असे खासगी संस्थेच्या महाविद्यालयाने धरून चालू नये. योजनेच्या पोर्टलवर संस्थेचे नाव आहे का, हे आधी तपासावे. ते नसेल तर एन-लिस्टची वर्गणी चुकवू नये. आणि असेल, तर ज्या जर्नलचे पैसे महाविद्यालय स्वतंत्रपणे भरत होते ते त्या यादीत आले आहे का, हे नावानिशी जुळवून पाहावे. एकाच जर्नलचे पैसे दोनदा जाणे हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही.

आधी आपल्याच कपाटात डोकवावे

काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवण्याआधी काय वापरले जाते ते कळायला हवे. ग्रंथालयांना वापर मोजायची सवय असते ती देवघेवीपुरती. बांधीव जर्नलचे खंड घरी दिले जात नाहीत. ते टेबलावर उघडले जातात, त्यातून चार ओळी उतरवल्या जातात आणि खंड परत मांडणीवर जातो. कुठेही नोंद नाही. मग अहवालात त्या खंडांचा वापर शून्य दिसतो आणि ग्रंथालय समितीतले कुणी तरी म्हणते, “जागा अडवून बसलेत, काढून टाका.”

याला एक बिनखर्चाचा उपाय आहे. वर्षभर वाचकांना सांगावे की खंड वाचून झाला की टेबलावरच ठेवा, जागेवर लावू नका. संध्याकाळी ते गोळा करताना परिचराने प्रत्येक खंडाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक रेघ मारावी. वर्षअखेरीस रेघा मोजल्या की चित्र उघडे पडते. एखाद्या इंग्रजी रसायनशास्त्राच्या जर्नलचे तीस खंड कोरे निघतील आणि शेजारच्या मराठी त्रैमासिकाच्या एकाच खंडावर अकरा रेघा असतील. हा पुरावा समितीपुढे ठेवला की चर्चा मतांवरून आकड्यांवर येते.

ई-स्रोतांची मोजणी प्रकाशक करून देतात. त्यासाठी ‘काउंटर’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. देवघेवीच्या काउंटरशी त्याचा संबंध नाही. ग्रंथपालांनी प्रत्येक प्रकाशकाकडे या मानकानुसार अहवाल मागावा आणि त्यातला पूर्ण लेख किती वेळा उघडला हा आकडा पाहावा. ‘सर्च’चा फुगलेला आकडा कामाचा नाही. पुढचे गणित चौथीतले आहे. वर्गणी ६०,००० रुपये आणि वर्षभरात उघडलेले लेख १२०, म्हणजे एक लेख ५०० रुपयांना पडला. तो महाग की स्वस्त, हे त्या विभागाच्या गरजेवर ठरेल. पण आकडा समोर असल्याशिवाय नूतनीकरणाच्या कागदावर सही करू नये. त्याच अहवालात आणखी एक आकडा असतो आणि तो फारसे कुणी पाहत नाही : किती वेळा वाचकाला नकार मिळाला. परवाना नाही म्हणून नकार मिळाला असेल, तर ती पुढच्या खरेदीची आयती यादी आहे. एकाच वेळी वाचणाऱ्यांची मर्यादा संपली म्हणून मिळाला असेल, तर मर्यादा वाढवून घेण्याची मागणी करता येते.

नॅकच्या मूल्यांकन-भेटीआधी एकाच प्रयोगशाळेत पन्नास विद्यार्थ्यांना बसवून ‘वापर’ वाढवण्याची एक पद्धत काही ठिकाणी ऐकायला मिळते. त्याने अहवाल सजतो. पण पुढच्या वर्षी त्याच खोट्या आकड्यावर खरी वर्गणी भरावी लागते.

जर्नल वेगळे, क्रमिक पुस्तक वेगळे

जर्नलच्या बाबतीत ई-आवृत्तीकडे जाणे तुलनेने सोपे आहे. वाचकाला एक लेख हवा असतो, तो शोधून मिळतो, उतरवून घेता येतो. पुस्तकांचे तसे नाही, आणि क्रमिक पुस्तकांचे तर मुळीच नाही. विद्यार्थ्याला ते सहा महिने उशाशी लागते, त्यात खुणा करायच्या असतात. शिवाय धंद्याचे गणितही आड येते. ज्या पुस्तकाच्या हजारो प्रती दुकानातून खपतात, त्याची एक ई-प्रत ग्रंथालयाला देऊन स्वतःचा खप कोणता प्रकाशक घटवील? म्हणून संदर्भग्रंथांचे ई-संच स्वस्तात मिळतात आणि खपाचे क्रमिक पुस्तक एकतर मिळतच नाही किंवा अवाच्या सवा किमतीला मिळते. ब्रिटनमधल्या विद्यापीठ ग्रंथपालांनी २०२० मध्ये या किमतींविरुद्ध जाहीर मोहीमच उघडली होती.

भाड्याच्या पुस्तकांचा धोका कसा असतो, हे २०२२ मध्ये दिसले. वायली या प्रकाशकाने प्रोक्वेस्ट या मध्यस्थ कंपनीच्या एका वर्गणीच्या संचातून १,३०० हून अधिक ई-पुस्तके ऑगस्टअखेरीस काढून घेतली. अमेरिकेत तेव्हा नवे सत्र नुकते सुरू झाले होते. प्राध्यापकांनी अभ्यासक्रमात लावलेली पुस्तके रातोरात यादीतून गेली. ओरड झाल्यावर ती काही काळासाठी परत ठेवली गेली, पण धडा मिळायचा तो मिळाला. अभ्यासक्रमात लावलेले पुस्तक केवळ वर्गणीच्या संचावर कधीही सोडू नये. त्याच्या निदान दोन छापील प्रती राखीव कपाटात असाव्यात किंवा ई-प्रत कायमस्वरूपी खरेदी केलेली असावी. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांपुरते बोलायचे तर बुकबँक योजना बंद करून ते पैसे ई-पुस्तकांकडे वळवण्याचा विचार जिथे चालू असेल तिथे तो सरळ बाजूला ठेवावा. ज्या घरात एका मोबाइलवर तीन भावंडे अभ्यास करतात, तिथे बुकबँकेचे पुस्तक हेच सर्वांत भरवशाचे ‘रिमोट ॲक्सेस’ असते.

करार वाचण्याचे काम ग्रंथपालाचेच

पूर्वी पुस्तकाबरोबर फक्त बिल यायचे. आता ई-स्रोताबरोबर पंधरा पानी इंग्रजी करार येतो आणि तो न वाचता प्राचार्यांच्या सहीसाठी जातो. हे थांबायला हवे. करारात शोधायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या नेमक्या शोधाव्या लागतात.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : वर्गणी थांबली तर ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक पुढेही वाचता येतील का? येत असतील, तर प्रकाशकाच्या संकेतस्थळावर की अन्य कुठे? मोठे प्रकाशक आपली जर्नल्स पोर्टिको किंवा क्लॉक्स यांसारख्या जतनसंस्थांकडे ठेवतात. प्रकाशक बुडाला तरी अंक शाबूत राहावेत, ही त्यामागची कल्पना. ज्या जर्नलचे असे कुठेच जतन नाही, त्याची छापील वर्गणी तोडताना दहा वेळा विचार करावा. दुसरी गोष्ट मध्यस्थांच्या संचांची. अनेक प्रकाशकांची जर्नल्स एकत्र विकणाऱ्या अशा संचांत पुष्कळदा ताजे अंक नसतात, वर्षभर उशिराने येतात. जाहिरातीतली ‘५,००० जर्नल्स’ पाहून हुरळून जाण्याआधी विभागप्रमुखांना त्यांची दहा आवडती जर्नल्स विचारावीत आणि प्रत्येकाचा कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचा मजकूर आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

घरून वाचता येईल का, बाहेरचा अभ्यासक ग्रंथालयात येऊन वाचू शकेल का, दृष्टिहीन विद्यार्थ्याला पडदा-वाचक सॉफ्टवेअरने मजकूर ऐकता येईल का, दरवर्षीची दरवाढ किती टक्क्यांवर थांबेल – हेही सहीआधीच विचारायचे. सहीनंतर विक्रेता फोन उचलेलच असे नाही.

नियमभंगाचे कलम तर मोठ्याने वाचून दाखवण्यासारखे असते. एकाने ढिगाने लेख उतरवले तर प्रकाशक सगळ्या संस्थेचा प्रवेश बंद करू शकतो. २०१० मध्ये जेस्टोर या जर्नल-भांडाराने अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या संस्थेचा प्रवेश काही दिवस तोडला होता, कारण तिच्या नेटवर्कवरून एकाने लाखो लेख उतरवायला घेतले होते. एमआयटीची ही गत, तर तालुक्याच्या महाविद्यालयाची विचारपूस कोण करणार? वर्षारंभीच्या सत्रात विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.

आता पैशांचे एक त्रांगडे. जर्नलची वर्गणी जानेवारी ते डिसेंबर चालते, महाविद्यालयाचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. वर्गणी आगाऊ भरावी लागते आणि ‘माल मिळण्याआधी पैसे का दिले’ असा आक्षेप निघतो. यावर ग्रंथालय समितीचा एक ठराव करून ठेवावा : ई-स्रोतांची वर्गणी आगाऊ भरण्यास मान्यता, सेवा सुरू झाल्याची नोंद ग्रंथपालांनी करावी. परदेशी दर डॉलरमध्ये असेल तर कोणत्या तारखेचा विनिमय दर धरला, हे कोटेशनवर लिहून घ्यावे. आणि किंमत करासह मागावी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-स्रोतांवर तो बऱ्याचदा असतो.

लेखापरीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. वर्गणीची ई-पुस्तके दाखलवहीत घालूच नयेत. त्यांच्यासाठी वेगळी ई-स्रोत नोंदवही ठेवावी. स्रोताचे नाव, मुदत, बिल क्रमांक, एकाच वेळी किती वाचक, कायम हक्क आहे की नाही, नूतनीकरणाची तारीख आणि व्यवस्थापकीय लॉगिन कोणत्या ई-मेलवर आहे, एवढे रकाने पुरतात. शेवटचा रकाना किरकोळ वाटेल. पण ग्रंथपाल निवृत्त झाले, लॉगिन त्यांच्या खासगी ई-मेलवर, पासवर्ड त्यांनाही आठवत नाही आणि नूतनीकरणाला उरलेत चार दिवस, असे झाले की त्या रकान्याचे मोल कळते. कायमस्वरूपी विकत घेतलेल्या ई-पुस्तकांना मात्र दाखल क्रमांक द्यावा. ती मालमत्ता आहे.

मराठीचे काय?

या सगळ्या व्यवहाराची भाषा इंग्रजी आहे. दोन लाख ई-पुस्तकांच्या डोंगरात बी.ए.ला मराठी घेतलेल्या विद्यार्थिनीच्या कामाचे काय सापडते, हे तिच्याशेजारी बसून एकदा पाहावे. हाती फार थोडे लागते. मराठी प्रकाशकांची ई-पुस्तके बाजारात आहेत, पण ती एकेका वाचकाला विकण्यासाठी. संस्थेने घेऊन शंभर विद्यार्थ्यांना वाचायला द्यावीत असा परवाना बहुतेक ठिकाणी नसतोच. म्हणून ‘अंदाजपत्रकाच्या इतके टक्के ई-स्रोतांवर’ असा सरसकट नियम केला की त्याचा पहिला बळी मराठी विभागाची खरेदी असते. विज्ञान शाखेचे अंदाजपत्रक बहुतांश ई-स्रोतांकडे गेले तरी बिघडणार नाही. मराठीचे बहुतांश छापीलच राहिले पाहिजे, आणि हा फरक धोरणात लेखी हवा.

मोफत आणि कायदेशीर मराठी साहित्य मात्र आहे, आणि ते विखुरलेले आहे. मराठी विश्वकोशाचे खंड महाजालावर खुले आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने पीडीएफ रूपात मिळतात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’वर जुना ठेवा आणला आहे, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने हजारो जुने ग्रंथ स्कॅन करून खुले केले आहेत. ग्रंथपालांनी यांतली अभ्यासक्रमाला लागणारी शे-दोनशे पुस्तके निवडून त्यांच्या नोंदी दुव्यासह आपल्या कोहा किंवा सोल या ग्रंथालय-प्रणालीत घालाव्यात. मग ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, ‘केतकर’ असे शोधले की कपाटातले आणि महाजालावरचे, दोन्ही एकाच यादीत दिसते. एका ग्रंथपालाला रोज चार नोंदी जमल्या तरी दोन महिन्यांत काम उरकते.

आणखी एक खास आपली अडचण. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या राष्ट्रीय भांडारात महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे मराठी प्रबंध मोठ्या संख्येने आहेत, पण त्यांतले बरेचसे डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाला ते मराठी नसते. दहा सेकंदांची परीक्षा आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडावी, कॉपी करावी, दुसरीकडे पेस्ट करावी. देवनागरी उमटले तर युनिकोड. ‘Ö’, ‘æ’ अशी विचित्र अक्षरांची भेळ उमटली तर जुना फॉन्ट. काहीच निवडता आले नाही तर नुसते चित्र. शोधयंत्रात मराठी शब्द टाकून काही सापडले नाही म्हणजे त्या विषयावर मराठीत काम झालेले नाही, असे पुष्कळ संशोधक समजतात. तसे नसते. काम झालेले असते, शोधता येत नसते. स्वतःच्या महाविद्यालयातून जाणारा प्रत्येक प्रबंध युनिकोडमध्येच असावा, हा आग्रह ग्रंथपाल आजपासून धरू शकतात. आणि जुन्या पुस्तकांच्या ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातून अक्षरे ओळखून घेतलेल्या, प्रतींत शोधताना १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची रूपे, म्हणजे ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘गांव’, टाकून पाहायला विद्यार्थ्यांना शिकवावे. एका अनुस्वाराने अर्धे ग्रंथालय झाकलेले असते.

मराठी वैचारिक नियतकालिकांच्या बांधीव खंडांना तर हात लावू नये. वाईचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘परामर्श’, ‘भाषा आणि जीवन’ यांचे सलग संच जिथे आहेत तिथे ती त्या ग्रंथालयाची खरी श्रीमंती समजावी. काहींचे अंक महाजालावर आले आहेत, येत आहेत. तरीही सलग, पान न फाटलेला छापील संच ज्याच्याकडे आहे त्याच्याच प्रतीवरून उद्याचे स्कॅन होणार आहे.

रद्दीवाल्याला फोन करण्याआधी

छापील संग्रह कमी करावा लागतोच, जागा रबराची नसते. पण रीत पाळून. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ इथे आधाराला घेता येतो. २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, ५०,००० पर्यंत असतील तर तीन वर्षांतून एकदा, त्याहून मोठ्या संग्रहात नमुना पडताळणी. दर हजार देवघेवीमागे पाच ग्रंथांपर्यंतची हानी, त्यात अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसेल तर, वाजवी धरली आहे. मात्र १,००० रुपयांहून अधिक किमतीचा किंवा दुर्मीळ ग्रंथ गहाळ झाला तर चौकशी व्हावीच लागते. राज्यातल्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यापीठाचे आणि शासनाचे नियम पाहावेत, पण धोरणाचा मसुदा करताना हा नियम शेजारी ठेवावा.

निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या ग्रंथांच्या, यादीत काय जावे? जुन्या आवृत्त्यांच्या जादा प्रती, रद्द झालेल्या अभ्यासक्रमाची गाइडे, ज्यांचा कायम ई-हक्क हातात आहे असे इंग्रजी खंड. बाद करण्याआधी इन्फ्लिबनेटच्या ‘इंडकॅट’ या संयुक्त तालिकेत तो ग्रंथ आणखी कुठे आहे हे पाहावे. ब्रिटनमध्ये २००७ पासून ‘यूके रिसर्च रिझर्व्ह’ने हेच राष्ट्रीय पातळीवर केले. जुन्या जर्नलचा एक संच ब्रिटिश लायब्ररीत आणि दोन अन्य ग्रंथालयांत राखायचे, बाकीच्यांनी निश्चिंतपणे जागा मोकळी करायची. एका शहरातली पाच-सात महाविद्यालये साधा करार करून हे करू शकतात. एकाने गणिताचे खंड सांभाळावेत, दुसऱ्याने अर्थशास्त्राचे, आणि मागणी आली की पानांची प्रत पाठवावी. दिल्लीहून परवानगी मागावी लागत नाही.

आणि हे सगळे लोकांना सांगून करावे. अमेरिकेतल्या व्हरमाँट स्टेट युनिव्हर्सिटीने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केले की तिची ग्रंथालये आता पूर्ण डिजिटल होणार. निर्णय आधी, चर्चा नंतर असा क्रम होता. विद्यार्थी आणि प्राध्यापक रस्त्यावर उतरले, एप्रिलमध्ये अध्यक्षांनी पद सोडले आणि योजना गुंडाळली गेली. निर्लेखनाची यादी महिनाभर सूचनाफलकावर लावावी, विभागांकडून हरकती मागवाव्यात. एखादे प्राध्यापक येऊन सतरा पुस्तके वाचवतील. वाचवू द्यावीत.

स्कॅन करण्याची घाईही जपून. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तके मुक्त आहेत. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. २०१२च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत जवळ असल्यास, जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठवायची मुभा दिली. जतनासाठी. व्हॉट्सॲप गटावर टाकण्यासाठी नव्हे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी उतारे काढण्याची बाजू उचलून धरली, ती छापील पुस्तकांच्या संदर्भात. ई-स्रोतांचा करार त्याहून कडक असू शकतो, म्हणून तिथे कराराचे कलम पाहावे.

बिनदिक्कत स्कॅन करण्यासारखे काही असेल तर महाविद्यालयाचे स्वतःचे दस्तऐवज : जुन्या प्रश्नपत्रिका, स्थापनेची कागदपत्रे, अहवाल. जुने वार्षिकांकही घ्यावेत, मात्र त्यांतल्या लेखांचा हक्क लेखकांचा असतो, तेव्हा ते जतनासाठी स्कॅन करून खुले करण्याआधी माजी विद्यार्थी संघामार्फत संमती मागवावी. रंगीत, ३०० डीपीआय, फाइलच्या नावात दाखल क्रमांक, डीस्पेस या मोफत प्रणालीवर साठा. एक प्रत महाविद्यालयाच्या सर्व्हरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या इमारतीत. हे अति वाटत असेल तर ब्रिटिश लायब्ररीचे उदाहरण पुरे. ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर तिची मुख्य तालिका महाजालावर परत यायला जानेवारी २०२४ उजाडले. आपल्याकडची ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ तर २०१७च्या सुमारास बंदच झाली. तिच्यातली पुष्कळ मराठी पुस्तके आज दिसतात ती कुणी तरी इंटरनेट आर्काइव्हवर नकलून ठेवली म्हणून.

उरला पासवर्ड. ई-संग्रह जिथे अपयशी ठरतो, तिथे बहुतेक वेळा दोष संग्रहाचा नसतो. विद्यार्थ्याला लॉगिनच माहीत नसते. प्रवेशाच्या दिवशी, ओळखपत्राबरोबर, प्रत्येकाचे खाते उघडून द्यावे आणि काउंटरपाशीच, त्याच्याच मोबाइलवर, एक लेख उघडून दाखवावा. प्रत्येकी चार मिनिटे लागतात. बांधीव खंडांच्या मांडणीच्या टोकाला, जिथे छापील अंक संपतात तिथे, एक क्यूआर चिकटवावा : ‘यापुढचे अंक येथे’. वाचक कपाटापाशी उभा असतानाच त्याला पुढची वाट दिसते.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी आज मंजूर असलेला निधी डिसेंबर २०२७ पर्यंतचा आहे. केवळ या योजनेत जर्नल दिसते म्हणून त्याचे बांधीव खंड बाद करण्याचा प्रस्ताव एखाद्या ग्रंथालय समितीपुढे असेल, तर तो त्या तारखेपर्यंत स्थगित ठेवावा.